आपल्याच हातात चेंडू असताना

मेलबर्नमधल्या डॉकलँड्सच्या स्टेडियमचे छत मिटलेले असले की आतला आवाज बाहेर जात नाही. तो वर आपटून पुन्हा आपल्याच अंगावर येतो. हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळी छत मिटलेलेच होते. गरम चिप्सवर ओतलेल्या व्हिनेगरचा आंबूस दर्प, मीट पायमधून निघणारी वाफ, पावसात भिजून आत आलेल्या लोकरी कपड्यांचा दमट वास, असे सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. माझ्या पुढच्या रांगेत वेस्टर्न बुलडॉग्ज या फुटी संघाचा लाल-पांढरा-निळा मफलर घातलेल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. सामना पुढे सरकला तसे माझे लक्ष मैदानावरून त्यांच्याकडे वळू लागले, कारण त्यांच्या घाबरण्याची रीत मला उमगेना. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन बुलडॉग्जच्या गोलवर चालून येत तेव्हा त्या निवांत असत, एखादी चिप तोंडात टाकत, पंचांना दोन शब्द सुनावत. उलट, बुलडॉग्जच्या एखाद्या बचावपटूने उंच उडी घेऊन चेंडू पकडला, सारे स्टेडियम टाळ्या वाजवू लागले, आणि त्या खेळाडूने सीमारेषेकडे न बघता मैदानाच्या मध्याकडे मान वळवली, की त्या डोळे घट्ट मिटून घेत. शेजारी बसलेल्या नातवाने त्यांचा हात दाबून ‘गेला पुढे’ असे सांगितले की डोळे उघडत. संकट समोर उभे असताना शांत राहायचे आणि ते टळल्यावर भ्यायचे, हे उलटे गणित घेऊन मी त्या रात्री फुट्सक्रेच्या दिशेने जाणाऱ्या लोकलमध्ये बसले, आणि ते पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही.

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या माणसाला फुटी, म्हणजे अंडाकृती चेंडूचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, टाळता येत नाही. टारनीट, पॉइंट कूक, वेरिबी इथल्या हिरव्यागार लंबगोल मैदानांवर शनिवार-रविवारी सकाळी जी मुले धावतात, त्यांत आता मराठी घरांतली मुलेही दिसतात. दवाने ओल्या झालेल्या गवतावर, सीमारेषेच्या कडेला, थर्मासमधला आल्याचा चहा हातात धरून त्यांचे आईबाप उभे असतात आणि आपल्या मुलाच्या हातात स्वतःच्याच गोलजवळ चेंडू आला की एका सुरात ओरडतात, “लांब मार रे, लांब!” लांब म्हणजे कडेने, सीमारेषेला धरून, गोलपासून जितके दूर जाईल तितके दूर. हा सल्ला इथल्या जुन्या पिढीच्या तोंडीही असतो. आपल्या गोलसमोरून आडवी किक कधीही मारायची नाही, हे लहान मुलांना बुटांची नाडी बांधायला शिकवण्याच्या वयातच शिकवले जाते. त्या बाईंनीही ते त्याच वयात ऐकले असणार. मात्र मोठ्यांच्या खेळात गेली कित्येक वर्षे जिंकणारे संघ नेमके हेच निषिद्ध काम करत आले आहेत, आणि तेही जाणूनबुजून.

या खेळात ऑफसाइड नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्याशिवाय बाईंच्या भीतीचा उलगडा होत नाही. प्रत्येक बाजूचे अठरा गडी त्या प्रचंड मैदानावर कुठेही जाऊ शकतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असतो तेव्हा बचाव करणारा संघ आकसून घेतो. गडी एकमेकांना धरून, आपापल्या माणसाच्या आणि गोलच्या मध्ये उभे राहतात. समोरून चेंडू येणार हे ठाऊक असते, कुठून येणार तेही साधारण ठाऊक असते, त्यामुळे भिंत उभी असते. ज्या क्षणी आपल्यातला एखादा उंच गडी मार्क घेतो, म्हणजे किक मारलेला चेंडू हवेतच पकडतो, त्या क्षणी ही भिंत आपण होऊन मोडते. विंगवरचा, म्हणजे कडेचा खेळाडू सीमारेषेकडे पळतो, बचावफळीतला हाफ-बॅक आपल्या माणसाला सोडून पुढे सुटतो, मिडफिल्डर मोकळी जागा शोधत पांगतात. कारण चेंडू पुढे द्यायचा तर कुणीतरी मोकळे असायला हवे, आणि मोकळे व्हायचे तर आपला माणूस सोडावाच लागतो. पण आपण ज्याला सोडले तोही तितकाच मोकळा झालेला असतो. त्या दोन-तीन सेकंदांत मारलेली किक भलत्याच्या हाती गेली, तर गोलसमोर अडवायला कुणी नसते. समोरच्याने चालून येऊन केलेल्या गोलमागे निदान झुंज तरी असते. आपल्या हातून सुटलेल्या चेंडूवर होणारा गोल अगदी सहज होतो, आणि म्हणूनच तो अधिक बोचतो.

बाई अचूक क्षणी डोळे मिटत होत्या.

यातला कळीचा भाग म्हणजे मैदानाच्या मधोमध, एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाणारा पट्टा. इथे त्याला कॉरिडॉर म्हणतात. कडेने गेलेला चेंडू त्यामानाने सुरक्षित असतो, कारण तो हातचा गेला तरी आपल्या गोलपासून दूर असतो. पण कडेने गेलेल्या संघापुढे मार्ग एकच उरतो, आणि तो मार्ग प्रतिस्पर्ध्यालाही दिसत असतो. मध्यातून गेलेल्या संघाला डावीकडे, उजवीकडे आणि सरळ पुढे असे तिन्ही पर्याय खुले राहतात, अंतरही कमी पडते, आणि गोलवर येणारा कोनही रुंद मिळतो. म्हणजे जी जागा आपल्यासाठी सर्वांत धोक्याची, तीच आपल्या आक्रमणासाठी सर्वांत मोलाची. चेंडू उजव्या कडेला अडकला असता गोलसमोरून डाव्या कडेला फिरवायचा, ज्याला स्विच म्हणतात, तेव्हा हा सौदा सर्वांत उघड होतो. किक मारणाऱ्याचा पाय किंचित घसरला, चेंडू हवेत क्षणभर अधिक रेंगाळला, की सगळे संपले. आणि ती बरोबर पोहोचली, तर पलीकडच्या विंगवर मैदानाचा अर्धा भाग मोकळा पडलेला असतो.

माझे लहानपण परळच्या एका चाळीत गेले, आणि खेळ म्हणजे मैदानातली कबड्डी हे समीकरण तिथे पक्के होते. माझा मामा डावा कोपरा खेळायचा. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडून त्याला मातीत लोळवले की गुण मिळायचा, टाळ्या व्हायच्या, आणि मामा गुडघ्यावरची माती झटकत परत आपल्या जागी जाऊन उभा राहायचा. बचावाचे काम तिथे पुरे व्हायचे. पकड हाच त्याचा शेवट होता. फुटी पाहताना सुरुवातीला मी नकळत तीच नजर वापरत असे. बचावपटूने चेंडू मिळवला की माझ्या दृष्टीने तो प्रसंग संपलेला असे आणि मी पाण्याच्या बाटलीकडे हात नेत असे. इथे मात्र पकड झाली की खरा प्रसंग सुरू होतो. चेंडू मिळवणाऱ्याला गुण मिळत नाही, उसंतही मिळत नाही. मिळतो तो केवळ एक निर्णय, आणि तो घ्यायला फार थोडा वेळ.

जुन्या काळच्या फुल-बॅकला, म्हणजे थेट गोलसमोर उभ्या राहणाऱ्या बचावपटूला, हा निर्णय फारसा घ्यावा लागत नसे. त्याचे काम ठरलेले होते. समोरच्या फुल-फॉरवर्डच्या, म्हणजे गोल करायला टपलेल्या गड्याच्या, पाठीला चिकटून राहायचे, चेंडू आला की मुठीने ठोसून दूर करायचा, आणि हाती लागलाच तर जितका लांब जाईल तितका लांब, कडेला जमलेल्या घोळक्याच्या दिशेने भिरकवायचा. पुढचे पुढच्यांनी पाहावे. या चाकोरीबाहेरचे लोक तेव्हाही होतेच. सत्तरच्या दशकात नॉर्थ मेलबर्नचा डेव्हिड डेंच फुल-बॅकच्या जागेवरून चेंडू घेऊन धावत निघायचा, ते पाहून त्याच्याच पाठीराख्यांचा श्वास अडकायचा, असे जुने प्रेक्षक सांगतात. 1970 च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, 1,21,696 प्रेक्षकांसमोर कार्लटनचा संघ मध्यंतराला कॉलिंगवुडपेक्षा 44 गुणांनी मागे होता, आणि प्रशिक्षक रॉन बरासी यांनी खेळाडूंना सांगितले की मिळेल तिथून हँडबॉल करा (हातातला चेंडू मुठीने ठोसून सहकाऱ्याला द्या), चेंडू थांबू देऊ नका. कार्लटनने तो सामना 10 गुणांनी जिंकला. ती काही निव्वळ बचावातून केलेल्या आक्रमणाची गोष्ट नव्हे, पण अडचणीत सापडल्यावर चेंडू लांब फेकून मोकळे होणे हाच शहाणपणा, या समजाला त्या दुपारी मोठा तडा गेला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1993 मध्ये, एसेंडनच्या गॅव्हिन वँगनीनने वयाच्या विसाव्या वर्षी हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळवले. हे पदक मैदानावरच्या पंचांच्या मतांवर ठरते आणि पंचांच्या नजरेत बहुधा मध्यात झुंजणारेच भरतात. बॅक पॉकेटसारख्या कोपऱ्यातल्या जागेवरून सुसाट सुटणारा एक मुलगा त्यांना वर्षभर दिसत राहिला, ही मला त्या पदकाहून मोठी बाब वाटते.

बचावातून आक्रमण म्हणजे वेगाने धावणे, असे समजण्याचा मोह होतो. पण या कलेतले सर्वांत धूर्त प्रकरण धावण्याचे नाहीच, माघार घेण्याचे आहे. चेंडू दोन उंच खांबांमधून गेला तर सहा गुण, आणि उंच खांब व त्याच्या बाजूचा आखूड खांब यांच्यामधून गेला तर एक, त्याला बिहाइंड म्हणतात. बचावपटूने स्वतःच चेंडू आपल्या रेषेपलीकडे ढकलला तरीही प्रतिस्पर्ध्याला एकच गुण मिळतो. त्या एका गुणाच्या बदल्यात मात्र चेंडू आपला होतो, किक-इन, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक, आपली होते, आणि दम घ्यायला, गडी लावायला वेळ मिळतो. 2008 च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नने जीलाँगविरुद्ध हे अकरा वेळा केले. जीलाँगचा तो संघ जबरदस्त होता. त्यांनी 11 गोल आणि 23 बिहाइंड नोंदवले, पण 18 गोल आणि 7 बिहाइंड करणारा हॉथॉर्न 115 विरुद्ध 89 गुणांनी जिंकला. जीलाँगच्या त्या 23 मध्ये जवळजवळ अर्धे हॉथॉर्नने आपण होऊन दिलेले होते. लोकांना ते रुचले नाही. पुढच्याच वर्षी नियम आला की दबाव नसताना मुद्दाम चेंडू रेषेपलीकडे नेल्यास समोरच्या संघाला गोलसमोरच फ्री किक मिळेल. नियम योग्यच आहे असे मला वाटते, आणि तरीही हॉथॉर्नच्या त्या हिशेबाचे कौतुक काही केल्या ओसरत नाही. एक गुण देऊन चेंडू विकत घेण्याची ती उघड खरेदी होती, आणि घासाघीस न करता केलेली होती.

हरलेल्या जीलाँगची रीत याच्या अगदी उलट होती. मार्क थॉम्पसन यांच्या हाताखाली तयार झालेला तो संघ बचावातूनच खेळ बांधायचा. मॅथ्यू स्कार्लेट, कोरी एनराइट, अँड्र्यू मॅकी, डॅरेन मिलबर्न ही मंडळी मागे चेंडू मिळाला की एकमेकांना जवळून हँडबॉल देत, प्रत्येक जण देऊन झाल्यावर थांबण्याऐवजी पुढे धावत, आणि पाहता पाहता बचावपटूंची ती रांग मैदानाच्या मध्यापलीकडे पोहोचलेली असे. 2007 मध्ये त्यांनी पोर्ट ॲडलेडला अंतिम सामन्यात 119 गुणांनी हरवले, तेव्हा जीलाँग गावाची 44 वर्षांची प्रतीक्षा संपली. पण माझ्या लक्षात राहिला तो 2009 चा अंतिम सामना. थंडी, पाऊस, साबणासारखा निसरडा चेंडू, आणि सेंट किल्डाबरोबर शेवटच्या काही मिनिटांपर्यंत चाललेली अटीतटी. मैदानाच्या मध्यात चेंडू जमिनीवर उसळला आणि तिथे पोहोचला फुल-बॅक स्कार्लेट. वाकून उचलायला वेळ नव्हता. त्याने बुटाच्या टोकाने चेंडू अलगद गॅरी ॲब्लेटकडे टोचला, तो पुढे गेला, आणि पॉल चॅपमनने गोल केला. जीलाँग 12 गुणांनी जिंकले. त्या टोचणीविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मला कुतूहल आहे ते त्याआधीच्या क्षणाचे. ग्रँड फायनलच्या शेवटच्या मिनिटांत, बरोबरीच्या झुंजीत, ज्याने गोलसमोर उभे राहायचे तो माणूस मध्यात आलाच कसा? त्याला कुणी बोलावले नव्हते. आपल्या मागची जागा कुणीतरी राखील एवढ्या विश्वासावर तो तिथे होता.

याला उत्तर म्हणून प्रशिक्षकांनी बचावालाच कोंडायला सुरुवात केली. 2010 मध्ये मिक मॉल्टहाऊस यांच्या कॉलिंगवुडने चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ गेला की आपले जवळपास सगळे गडी वर चढवून जाळे लावायचे तंत्र अंगी मुरवले आणि विजेतेपद मिळवले. चेंडू बाहेर काढणाऱ्याला समोर मोकळा माणूसच दिसू नये, अशी ती योजना. हा काळ प्रेक्षक म्हणून मला कंटाळवाणा वाटतो. छत्तीस माणसे एका कोपऱ्यात एकमेकांवर कोसळताना पाहण्यात काय मौज आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही. मात्र त्यातूनच किकच्या अचूकपणाला नवी किंमत आली. पुढच्या हॉथॉर्न संघाने 2013 ते 2015 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, त्यांच्या बचावात ल्यूक हॉज आणि ग्रँट बर्चल यांच्यासारखे डावखुऱ्या पायाचे, सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तशी किक मारणारे लोक होते. जाळे कितीही दाट असले तरी त्याला भोके असतातच, आणि अठरा माणसांचे जाळे वर चढले की त्याच्यामागे केवढे मैदान मोकळे पडते!

2018 च्या अंतिम सामन्याचा शेवट मी चित्रफितीवर पुन्हा पुन्हा पाहते. 1,00,022 प्रेक्षक, त्यांतले बहुसंख्य कॉलिंगवुडचे. पहिले पाच गोल कॉलिंगवुडने केलेले. आणि खेळ संपायला दोन-एक मिनिटे उरलेली असताना पर्थहून आलेला वेस्ट कोस्टचा संघ किंचित मागे. कॉलिंगवुडचा चेंडू पुढे येतो आणि वेस्ट कोस्टचा बचावपटू जेरेमी मॅकगव्हर्न तो मध्येच हवेत पकडतो. या घडीला घाबरलेला संघ चेंडू उंच आणि लांब मारून देवावर हवाला ठेवतो. मॅकगव्हर्नची किक नेथन व्हार्डीकडे जाते, व्हार्डीची लिअम रायनकडे, रायनची डॉम शीडकडे. प्रत्येक वेळी चेंडू हवेतच पकडला जातो, जमिनीला लागत नाही, कॉलिंगवुडच्या कुणाचाही हात मध्ये येत नाही. शीड सीमारेषेलगत, अगदी अरुंद कोनात उभा राहतो आणि गोल करतो. वेस्ट कोस्ट 79, कॉलिंगवुड 74. शीडची किक आता पर्थच्या बखरीत जमा झाली आहे, आणि ती तशी व्हावी यात गैर काही नाही. पण त्या साखळीची पहिली कडी जिथे पडली तिथे एक साधी, सुरक्षित, कुणीही दोष दिला नसता अशी किक उपलब्ध होती, आणि ती मारली गेली नाही. दोष कोणत्या गोष्टीला दिला जातो यावर संघाचा खेळ किती अवलंबून असतो, ते अशा जागी दिसते. मॅकगव्हर्नची किक अडवली गेली असती, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो कुठल्या मथळ्याखाली छापला गेला असता, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही.

नियम करणाऱ्यांनीही गेल्या काही वर्षांत बचावपटूच्या पाठीवर हात ठेवला आहे. पूर्वी बिहाइंडनंतर गोल-पंचाचे निशाण हलवून होईपर्यंत किक-इनसाठी थांबावे लागे. 2006 पासून ते थांबणे गेले. पूर्वी किक-इन घेणाऱ्याला गोलसमोरच्या चौकटीबाहेर धावत निघायचे तर आधी स्वतःलाच छोटी किक मारून चेंडू पुन्हा हातात घ्यावा लागे. 2019 पासून तीही गरज उरली नाही, तो सरळ धावू शकतो. समोर उभा राहणारा प्रतिस्पर्धीही आधी 10 आणि मग 2021 मध्ये 15 मीटर मागे सरकवला गेला, आणि त्याच वर्षी मार्क घेतलेल्या जागी समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याने जागचे हलूच नये असा हुकूम निघाला. त्यामुळे मार्क घेणाऱ्याला तिरके वळून मध्याकडे बघायला एरवी नसलेली फट मिळाली. गोल वाढावेत, खेळ वाहता राहावा, हा यामागचा उघड हेतू. माझे मत थोडे वेगळे आहे. बचावपटूला मिळणारी प्रत्येक सवलत त्याच्या धाडसाची किंमत थोडी कमी करते, आणि जे धाडस स्वस्त होते ते सगळेच करू लागतात. सुदैवाने आडव्या किकमधला धोका कुठल्याही नियमाला काढून टाकता आलेला नाही. चेंडू अंडाकृती आहे, वारा बेभरवशाचा आहे, आणि समोरच्या संघातही धावणारी माणसे आहेत.

त्या बाईंचा संघ यात कुठे बसतो, हा प्रश्न मला साहजिकच पडला, आणि उत्तर शोधताना त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांविषयी मला अधिकच आपुलकी वाटू लागली. बुलडॉग्जनी 1954 नंतर थेट 2016 मध्ये विजेतेपद मिळवले, आणि ते मिळवणारा संघ बचावातून आक्रमण करण्यासाठीच ओळखला जात होता. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी हाफ-बॅक होता. सडपातळ, हलक्या पावलांचा, आणि कोंडीतून वाट काढताना गडबड न करणारा. 2015 मध्ये तो वर्षातल्या सर्वोत्तम संघाचा कर्णधार निवडला गेला, आणि 2016 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. अंतिम सामना त्याने बाहेर बसून पाहिला. विजयानंतर प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला व्यासपीठावर बोलावून स्वतःला मिळालेले पदक त्याच्या गळ्यात घातले, हे दृश्य बुलडॉग्जच्या फुट्सक्रे या उपनगरात अजूनही कुणी शांतपणे सांगू शकत नाही. मर्फी नसताना मागून सुटण्याचे काम पडले जेसन जोहानिसनवर. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा मुलगा चेंडू हातात आला की वळायचा आणि पळायचा, इतके साधे त्याचे तत्त्व. त्या जुलैत सिडनीच्या मैदानावर शेवटच्या काही सेकंदांत गोल करून त्याने सामना जिंकून दिला होता. ग्रँड फायनलमध्ये त्याच सिडनीविरुद्ध तो दिवसभर मागून धावत राहिला आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक त्याला मिळाले.

त्या सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये जोहानिसनने मारलेला एक चेंडू खांबांमधून गेला, सारी पश्चिम उपनगरे उभी राहिली, आणि मग पंचांनी चित्रफीत तपासून निर्णय दिला की वाटेत चेंडूला कुणाचा तरी स्पर्श झाला होता. सहाऐवजी एक गुण. त्यातही वाईट म्हणजे, नियमाप्रमाणे आता किक-इन सिडनीची. म्हणजे ज्याने दिवसभर मागून आक्रमण केले, त्याच्याच किकने समोरच्यांना मागून आक्रमण करायची संधी दिली. अशा वेळी कुठलाही शहाणा संघ आपल्या गोलसमोर जाऊन बसला असता. बुलडॉग्जचा डेल मॉरिस तसा बसणाऱ्यांतलाच मानला जायचा. वय तेहतीस, जुन्या वळणाचा, चिकट बचावपटू. मणक्याला फ्रॅक्चर असताना तो हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत खेळत होता, हे नंतर कळले. त्याच क्वार्टरमध्ये सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला मैदानाच्या मध्याजवळ चेंडू मिळाला आणि मॉरिसने त्याच्यावर झेप घेऊन त्याला खाली पाडले. चेंडू निसटून टॉम बॉइडपुढे आला, बॉइडने तिथूनच, मध्याच्या चौकोनातून, लांबलचक किक मारली, चेंडू टप्पे खात खात खांबांमधून गेला आणि सामन्याचा निकाल लागला. बुलडॉग्ज 22 गुणांनी जिंकले.

गुणफलकावर तो गोल बॉइडच्या नावावर आहे आणि टॅकल मॉरिसच्या. मी मात्र ती चित्रफीत टॅकलच्या थोडी आधी थांबवते. फ्रँकलिन हा त्या काळातला सर्वांत घातक फॉरवर्ड. डाव्या पायाने पन्नास-साठ मीटरवरून गोल करणारा. मॉरिसची झेप हुकली असती, तर त्याच्यामागे फ्रँकलिनला अडवायला दुसरा कोण होता, हे त्या चौकटीत दिसत नाही. मॉरिसलाही ते दिसत नव्हते, कारण त्याची पाठ आपल्या गोलकडे होती आणि तो पुढे झेपावत होता.